भिंतीपलीकडचे मूल

बदलीच्या गावी घर मिळते, शेजार मिळतो. मिळत नाही ते आजोळ. बंगळूरच्या सरकारी वसाहतीत राहू लागल्यापासून ही उणीव मला फार जाणवते. गावाकडे बापाचा हात आईवर उठला, की मूल मागच्या दाराने आजीकडे, निदान वाड्यातल्या काकूंकडे तरी धावत असे. येथे त्याने कोठे जावे? भिंतीअलीकडचे आपण तर 'नवराबायकोचे भांडण' म्हणून दार ओढून घेतो!

मार आईला बसतो, पण वळ मुलाच्या मनावरही उठतात. ते झोपेत दचकते, पोट दुखते म्हणते, शाळेत मुके होते किंवा दुसऱ्यांवर हात उगारते.

अशा वेळी मला रेव्हरंड टिळकांचे बालपण आठवते. वडील कमालीचे संतापी. आईचे छत्र हरपल्यावर अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला. तेथे परक्यांनी त्याला आसरा दिला, गणेशशास्त्री लेल्यांनी विद्या दिली. पुढे तोच फुलामुलांचा कवी झाला. त्यांच्या स्वभावातला तापटपणा लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त लपविलेला नाही. पण अनाथ मुलांना घरात आणण्याचा त्यांचा ध्यासही तेथेच दिसतो. वडिलांचा संताप आणि परक्यांची माया, दोन्ही त्या मनात रुजली असावीत.

आमच्याकडेही शेजारचा एक मुलगा संध्याकाळी गणिते सोडवायला येतो. आम्ही त्याला काही विचारीत नाही. ठरल्या वेळी आमचे दार उघडे असते आणि त्याच्यासाठी पान मांडलेले असते, एवढेच. परवा त्याने आपण होऊन विचारले, "काका, माझा पहिला नंबर आला, तर बाबा आईला मारणार नाहीत ना?"

"बाळ, यात तुझा काहीच दोष नाही," मी म्हणालो.

हे वाक्य त्याला पुन्हापुन्हा ऐकावे लागेल. येथल्या निम्हान्समध्ये बालमानसोपचाराचा विभाग आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनीही आहे. परंतु आई सुरक्षित झाल्यावाचून मुलाची जखम भरत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर त्याचे कसलेही दायित्व येत नाही.

मुलाचे वडील कचेरीत माझे वरिष्ठ आहेत. माझ्या पत्नीने त्याच्या आईची संमती घेतली आणि मी खबर दिली. त्यांचा रोष व्हायचा तो होवो. परमुलखात मुलांना आजोळ हवे असेल, तर ते शेजाऱ्यांनीच व्हायला हवे.