कोरडा फेस

दुधावरची साय काढतात, उसाच्या रसावरची मळी काढतात, वरणाला उकळी फुटली की वर आलेला फेस पळीने बाजूला करतात. नको असलेले वर आणून काढून घेणे ही रीत मराठी घराला नवी नाही. पाणी स्वच्छ करायचे म्हटले की मात्र आपल्याला आठवते ते खाली बसणे. तुरटी फिरवावी, गाळ तळाशी जाऊ द्यावा आणि वरचे निवळलेले पाणी हलक्या हाताने ओतून घ्यावे. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला लागणारे ‘प्रोटीन स्किमर’ नावाचे यंत्र पहिल्या घराण्यातले, म्हणजे मळी काढणाऱ्यांच्या घराण्यातले. २०१४ साली आम्ही ते घरी केले. आमच्यापैकी एकाचे घर लातुरात, दुसऱ्याचे नांदेडात. दोघांचाही व्यवसाय मराठी शिकवण्याचा. टाकी लातूरच्या घरी होती, ६० लिटरची.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आमच्या एवढ्याशा समुद्रालाही दोन किलोंहून अधिक मीठ लागले, आणि तेही स्वयंपाकाचे चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे सर्व घटक असलेले तयार मिश्रण आणावे लागते. त्यात दोन क्लाऊनफिश सोडले. मासे खातात, मलमूत्र टाकतात, उरलेले अन्न कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. स्पंजची गाळणी घाण अडवते खरी, पण धुईपर्यंत ती घाण पाण्यातच राहते आणि कुजत राहते. स्किमर ती कुजण्याआधीच पाण्याबाहेर काढतो.

कसा, ते पाहण्यासारखे आहे. पाण्यात विरघळलेल्या पुष्कळशा सेंद्रिय द्रव्यांच्या रेणूंचे एक टोक पाण्याला धरून असते आणि दुसरे पाण्यापासून पळू पाहते. हवेचा बुडबुडा भेटला की पळणारे टोक त्या बुडबुड्यात शिरते आणि रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो. रिठ्याच्या पाण्याला फेस येतो तोही याच द्विधा वृत्तीमुळे. बुडबुडा जितका बारीक तितका सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग मोठा. गोड्या पाण्यात बुडबुडे पटकन एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. म्हणूनच हे यंत्र समुद्राच्या पाण्यात चालते आणि नदीच्या पाण्यात जवळजवळ निकामी ठरते.

सामान किरकोळच होते. दोन इंची पीव्हीसी पाइपचा हात-सव्वाहात लांबीचा तुकडा, त्यावर प्लास्टिकच्या बाटलीचा खांदा उलगडत अरुंद होणारी मान म्हणून, मानेभोवती बरणीचा केलेला पेला, एक छोटा पंप, एक हवेचा पंप. पाणी वरून आत येते आणि खाली उतरते. बुडबुडे तळातून वर चढतात. दोघांच्या दिशा उलट असल्यामुळे त्यांची गाठ अधिक वेळ पडते. खालून निघालेले पाणी बाहेरच्या नळीने वर चढून टाकीत परत पडते, आणि त्या नळीच्या तोंडाची उंची आतल्या पाण्याची पातळी ठरवते.

अडले ते एका लाकडाच्या तुकड्यापाशी. अतिशय बारीक बुडबुड्यांसाठी ‘लाइमवुड’चा सच्छिद्र ठोकळा वापरतात. सुताराला लिंबाचे लाकूड हवे म्हणून सांगितल्यावर त्याने अर्थातच कडुलिंबाचा तुकडा पुढे केला, कारण मराठवाड्यात लिंब म्हणजे कडुलिंब. इंग्रजीतला हा ‘लाइम’ लिंबूही नव्हे आणि निंबही नव्हे. ते युरोपातले लिंडनचे झाड. शेवटी ठोकळा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून आला.

पहिले काही दिवस फेस मानेत चढेचना. नव्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत असे होतेच. मग एका सकाळी पेल्यात काळ्या चहाच्या रंगाचे, उग्र वासाचे पाणी दिसले. स्वच्छ भासणाऱ्या त्या टाकीत एवढे काही दडलेले असेल असे पाहुण्यांना सांगून पटत नसे.

या छंदातली माणसे फेसाचे दोन प्रकार मानतात, ओला आणि कोरडा. ओला फेस भराभर पेला भरतो, पण त्यात पाणीच फार जाते. कोरडा फेस हळू चढतो. थोडा असतो, दाट असतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे नमुची आठवावा. ओल्या शस्त्रानेही मारणार नाही आणि कोरड्यानेही नाही, असे वचन इंद्राने त्याला दिले होते. पळवाट म्हणून त्याने पाण्याचा फेस वापरला, कारण तो ओलाही नाही आणि कोरडाही नाही. आम्हाला मात्र निवड करावी लागली. ओल्या फेसाबरोबर जाणारे प्रत्येक पेलाभर पाणी पुन्हा भरून काढायचे, आणि ते लातुरात. आम्ही नळीची पातळी उतरवून फेस कोरडा ठेवला.

पाण्याचा हिशेब असा होता. स्किमर नसता तर दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलावे लागले असते. बोअरचे जड पाणी तसेच चालत नाही, ते शुद्ध करून घ्यावे लागते, आणि एका शुद्ध लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर जाते. स्किमरमुळे तीन आठवड्यांतून एकदा पाणी बदलून भागू लागले. पण उन्हाळ्यात टाकीतून रोज तांब्याभर, कधी दीड तांब्या पाणी उडून जाई, आणि बुडबुड्यांमुळे ते थोडे अधिकच उडे. उडते ते केवळ पाणी. मीठ मागे राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. खारेपणा कायम ठेवण्यासाठी रोज गोडे पाणी लागते, ही गोष्ट तोवर आम्ही नुसती पुस्तकात वाचली होती.

२०१६च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लागू झाले. मांजरा धरण आटले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवसांत रोजचा तो तांब्या टाकीत ओतताना हात जड होई. आमच्यात मतभेद झाला. लातूरकराचे म्हणणे, मासे कोणाला तरी देऊन टाकावेत; जी भूमी स्वतःला पुरत नाही तिच्याकडून समुद्र मागणे बरे नव्हे. नांदेडकराचे म्हणणे, शेजारच्या शिवारात ऊस उभा असताना तांब्याभर पाण्याचा अपराधभाव आपणच का वाहावा? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि दोन्हींत थोडी सोयही होती.

शेवटी टाकी नांदेडला न्यायचे ठरले. नवे पाणी करावे लागू नये म्हणून जुनेच कॅनमध्ये भरले. ज्या आठवड्यांत कॅन भरून लातुरात येत होते, त्या आठवड्यांत आम्ही लातुरातून पाणी बाहेर नेत होतो. वाटेत जीपमधल्या एका म्हाताऱ्याने विचारले, “पाणी हाय का सर?” आम्ही म्हणालो, “आहे बाबा, पण खारं आहे. समुद्रासारखं.” तो म्हणाला, “मंग आमच्या बोरचंच म्हना की.”

त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरले. टाकी मात्र नांदेडलाच राहिली, आणि मतभेदही मिटला नाही. गुऱ्हाळात काहिलीत भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात, ती काढतात, तेव्हा कुठे गूळ स्वच्छ होतो; पण त्या उसाने किती पाणी प्यायले ते काहिलीत दिसत नाही. स्किमरच्या पेल्यात टाकीतली घाण दिसते, टाकीने प्यायलेले गोडे पाणी दिसत नाही. ते वेगळे मोजावे लागते. आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावून रोज किती तांबे घातले ते लिहू लागलो. नांदेडकराला त्या आकड्यांत आपली बाजू दिसते, लातूरकराला आपली.