आकडा पुसला नाही

कामतघरला आम्हा भावांची जुनी पद्मिनी आहे. तिचा स्पीडोमीटर बंद पडला. केबल शाबूत होती. आतले यंत्रच झिजले होते. कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झालेला, नवा कुठून मिळणार? वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी थांबल्या. त्यांतल्याच मोडीत निघालेल्या एकीचा स्पीडोमीटर आणला. बॅटरीची तार काढली, वायरींना खुणा बांधल्या, मग तो बसवला.

त्यावर टॅक्सीचे किलोमीटर तसेच होते. मेकॅनिक म्हणाला, "शून्यावर आणू का?" आम्ही नको म्हटले. आमचा आकडा वहीत लिहिला; उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला वही दाखवू. टॅक्सीचा आकडा कुणाच्या तरी घामाचा आहे. तो पुसणारे आम्ही कोण?