लोणारच्या वाटेवरचा वास

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण लोणारला जाऊन आलेत? बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव. फार फार वर्षांपूर्वी आकाशातून आलेली एक उल्का इथल्या काळ्या बेसाल्ट खडकावर आदळली आणि एक गोलच्या गोल विवर तयार झालं. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली साधारण १५० मीटर. तळाशी खारं पाणी. आणि त्या पाण्याजवळ गेलं की नाकाला झोंबतो तो कुजक्या अंड्यांसारखा वास!

हा वास मी मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवला होता. तिथंच तर घोटाळा झाला.

आमच्या वर्गातली सात मुलं, दोन पालक आणि मी असे गेल्या हिवाळ्यात निघालो होतो. गाडी एका पालकांची, टेम्पो ट्रॅव्हलर. रात्री तारे पाहायचे म्हणून दुर्बीण घेतली होती, शिवाय एक छोटा प्रोजेक्टर आणि दिवे. या सगळ्यासाठी गाडीत मागच्या सीटखाली एक दुसरी बॅटरी बसवलेली होती आणि टपावर १०० वॅटचं सोलर पॅनेल. "बाई, आपल्या गाडीत वीजघर आहे!" असं मुलं ज्याला त्याला सांगत होती.

सिंदखेडराजाला थांबलो. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा, सगळं निवांत पाहिलं. गाडी दोन तास रणरणत्या उन्हात उभी. परत येऊन बसलो, धूळ नको म्हणून खिडक्या लावल्या आणि निघालो. थोडं अंतर गेलो असू-नसू, मागून आवाज आला, "आला, आला! लोणारचा वास आला!"

सगळे नाकाला रुमाल लावून हसायला लागले. मीही हसले. पण ड्रायव्हरमामांनी एकदम गाडी बाजूला घेतली.

"लोणार अजून लांब आहे बाई. हा वास गाडीतला आहे. सगळे खाली उतरा!"

मागच्या सीटवरच्या मुलानं पंख्याचं बटण बंद करायला हात पुढे केला. मामा ओरडले, "हात लावू नको! काही चालू नाही, काही बंद नाही. नुसतं उतर!" त्यांना इतकं मोठ्यानं बोलताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

मुलांना त्यांनी लांब झाडाखाली उभं केलं. इंजिन बंद केलं, सगळी दारं उघडी टाकली. मग काय केलं असेल? टपावर चढले आणि सोलर पॅनेलवर जाड सतरंजी पसरली! ऊन नाही तर वीज नाही. वायरीला हातही न लावता पॅनेल बंद. आहे की नाही युक्ती? मग तासभर कुणालाही गाडीजवळ फिरकू दिलं नाही.

आता सांगते काय झालं होतं ते. ही बॅटरी साधी, पाणी घालायची होती. आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ सल्फ्युरिक आम्ल. अशी बॅटरी भरत आली की आतल्या पाण्याचे दोन भाग व्हायला लागतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही. पण बंद जागेतल्या हवेत तो ४ टक्क्यांवर गेला, की एका ठिणगीनं भडका उडू शकतो. बटण दाबताना एवढीशी ठिणगी पडते ना, तेवढी पुरते. म्हणून मामा ओरडले होते.

मग वास कशाचा? बॅटरी भरल्यावरही वीज आत घुसत राहिली, की ती तापते आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटू शकतो. लोणारच्या चिखलात जीवाणू तयार करतात, तोच हा वायू. त्या वासानं आम्हाला सावध केलं म्हणायचं!

पण बॅटरी एवढी भरली कशी? ज्यानं पॅनेल बसवलं, त्यानं त्याच्या वायरी सरळ बॅटरीला जोडून टाकल्या होत्या. बारा व्होल्टची बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास भरते. भर उन्हातलं मोकळं पॅनेल मात्र २१-२२ व्होल्टपर्यंत जातं. त्याला काय कळतं, बॅटरी भरली की नाही ते! घागर भरून वाहायला लागली तरी नळ आपला चालूच. हा नळ वेळेवर बारीक करणाऱ्या डबीला चार्ज कंट्रोलर म्हणतात. नेमकी तीच डबी आमच्या गाडीत नव्हती.

तासाभरानं मामांनी पान्यानं आधी मायनसची वायर सोडवली, मग प्लसची. आधी मायनसच का? गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लस सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर केवढी ठिणगी उडेल! मायनस आधी सुटली असली, तर ती भीती नाही. मग बॅटरी टपावरच्या कॅरिअरला उभीच घट्ट बांधली आणि पुढच्या गावात एका बॅटरीवाल्याकडे ठेवून दिली. गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी होती, म्हणून आमचं अडलं नाही.

लोणारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. काठावरून खाली पाहिलं आणि सगळे गप्प झाले. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ जागेचा मान मिळाला. आम्ही पाहिलं तेव्हा ते हिरवट, शांत होतं. गावातलं दैत्यसूदनाचं कोरीव देऊळही पाहिलं. रात्री प्रोजेक्टर नाही, दुर्बिणीची मोटर नाही. नुसत्या डोळ्यांनी मृग नक्षत्र पाहिलं, कृत्तिका मोजल्या. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मामांनी गाडी थांबवली नसती तर?" मी तिचा हात धरला. उत्तर दिलं नाही.

परत आल्यावर त्या पालकांनी जाणकार माणसाकडून सगळं नव्यानं करून घेतलं. आम्ही मुलांना घेऊन मुद्दाम पाहायला गेलो. दुसरी बॅटरी आता बंद पेटीत आहे आणि पेटीची नळी गाडीबाहेर निघते. इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या भरतो, पण मध्ये एक रिले आहे. इंजिन बंद झालं की तो दोघींची ताटातूट करतो. त्यामुळे रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी गाडी ढकलावी लागत नाही. दोन्ही बॅटऱ्यांना जोडणाऱ्या जाड वायरीला दोन्ही टोकांशी, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज आहे. वायर कुठं घासून पत्र्याला टेकली, तर वायर पेटण्याआधी फ्यूज उडतो. पॅनेल कंट्रोलरमधूनच येतं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

पालकांसाठी एक गोष्ट. आता लिथियम बॅटऱ्या आल्या आहेत. त्या भराभर वीज ओढतात, अल्टरनेटर तापून जळू शकतो. त्यांना साधा रिले चालत नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो आणि सोलर कंट्रोलरही लिथियमला चालणारा हवा. काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर मधूनमधून व्होल्टेज कमी करतो, तिथंही हाच चार्जर उपयोगी.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी गणित! बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास, म्हणजे १२०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ती टिकते. प्रोजेक्टर ६० वॅटचा, दोन तास. दुर्बिणीची मोटर १० वॅटची, चार तास. दिवे १० वॅटचे, पाच तास. रात्र निभेल का? चांगल्या उन्हात आपलं पॅनेल दिवसाला ढोबळमानानं ४०० वॅट-तास देतं. मग तेवढी वीज दुसऱ्या दिवशी भरून निघेल का? वहीत मांडून पाहा.

बॅटरीला मात्र स्वतः हात लावायचा नाही, ते मोठ्यांचं काम. तुमचं काम नाकाचं. गाडीत कुजक्या अंड्यांचा वास आला, तर हसू नका आणि बटणं दाबू नका. लगेच सांगा, "गाडी थांबवा!" आणि खाली उतरा. लोणार असेल जवळ, तर ते काही पळून जात नाही!