मेमरीत न मावलेली क्रमवारी

सहकारी बँकांचे डेटाबेस सांभाळण्याचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करतो आहे. मार्चअखेर आली की एका बँकेकडून हमखास तक्रार यायची, शाखावार खातेउतारे रात्रभर निघतच राहतात. डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल. त्या वर्षाच्या व्यवहारांचा तक्ता वेगळा ठेवलेला होता. त्यातल्या नोंदी शाखा, खाते क्रमांक आणि तारीख या क्रमाने लावायच्या, एवढंच क्वेरीचं काम. सगळ्यांचा संशय जुन्या सर्व्हरवर. मी क्वेरीपुढे 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ' लावून ती चालवली आणि उत्तर एका ओळीत मिळालं. क्रमवारीची पद्धत 'एक्स्टर्नल मर्ज', आणि त्यापुढे डिस्कवर सांडलेला काही जीबीचा आकडा.

क्रमवारीसाठी किती मेमरी वापरायची हे 'वर्क_मेम' ठरवतं. मूळ सेटिंग ४ एमबी. नोंदी तेवढ्यात मावल्या तर काम तिथल्या तिथे उरकतं. नाही मावल्या तर इंजिन मावतील तेवढ्या नोंदी लावून घेतं, तो गठ्ठा डिस्कवर लिहितं, पुढचा भरायला घेतं. शेवटी सगळ्या गठ्ठ्यांच्या वरच्या नोंदी ताडून पाहत एकच सलग क्रम तयार होतो. शाळेत शिक्षक तपासलेले पेपर हजेरी क्रमांकाने लावताना असेच लहान गठ्ठे करतात.

क्वेरी चालू असताना मी डेटा डिरेक्टरीतल्या 'बेस/पीजीएसक्यूएल_टीएमपी' या फोल्डरवर नजर ठेवून बसलो. प्रोसेसचा क्रमांक नावात घेऊन फाइली उगवत होत्या, फुगत होत्या, आणि क्वेरी संपताच नाहीशा झाल्या. या फाइलींची नोंद सर्व्हर सावरण्यासाठी ठेवलेल्या वॉल लॉगमध्ये होत नाही, आणि ते बरोबरच आहे. सर्व्हर कोसळला तर अर्धवट क्रमवारी परत मिळवून कुणाला काय करायचंय?

मला खरी भुरळ घातली ती पोस्टग्रेसच्या कोडमधल्या 'लॉगटेप.सी' या फाइलीने. गठ्ठे लावून ते एकत्र करण्याची पद्धत चुंबकीय टेपच्या काळातली. डोनाल्ड कनुथ यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथमालेच्या १९७३ सालच्या तिसऱ्या खंडात ती सविस्तर आहे, आणि पोस्टग्रेसच्या कोडमधल्या टिपणांत त्या खंडाचा हवालाही आहे. पण गठ्ठे एकत्र करताना वाचायचा माल आणि लिहायचा माल दोन्ही डिस्कवर राहिले, तर जागा जवळजवळ दुप्पट लागेल. म्हणून इथे एखादा ब्लॉक वाचून झाला की तो लगेच मोकळा धरतात आणि नवा मजकूर त्यातच लिहितात. त्यामुळे एकूण जागा मूळ मालाच्या फारशी पुढे जात नाही. कुणाच्या नजरेतही न येणाऱ्या तात्पुरत्या फाइलीसाठी एवढी काटकसर कुणीतरी विचारपूर्वक केली आहे, याचा मला आजही आदर वाटतो.

'मग वर्क_मेम वाढवून टाका,' असं बँकेतून सुचवलं गेलं. ते मी मानलं नाही. ही मर्यादा अख्ख्या क्वेरीला मिळून नसते, क्वेरीतल्या प्रत्येक क्रमवारीला वेगळी लागते. शंभर कनेक्शनं एकदम कामाला लागली तर सर्व्हरची मेमरी संपेल. शिवाय डिस्कवरचा आकडा पाहून तेवढीच मेमरी दिली तरी ती पुरत नाही, कारण त्याच नोंदी मेमरीत जास्त जागा घेतात.

आधी पाहिलं ते कॉलमांकडे. क्वेरी तक्त्यातले सगळेच कॉलम उचलत होती. शेरा, नोंद करणाऱ्याचा कोड, उताऱ्यावर न छापले जाणारे कितीतरी. क्रमवारीत हे सगळं ओझं नोंदीबरोबर फिरतं. ते काढल्यावर डिस्कवरचा आकडा निम्म्याच्या खाली आला.

उरलेलं काम आवृत्ती बदलल्यावर झालं. १३व्या आवृत्तीपासून 'इन्क्रिमेंटल सॉर्ट' आलं आहे. शाखा आणि खाते यांवर इंडेक्स आधीपासून होताच. आता इंजिन त्याच क्रमाने नोंदी वाचतं आणि फक्त एकेका खात्याच्या नोंदी तारखेने लावतं. खात्याच्या वर्षभराच्या नोंदी त्या किती असणार! त्या ४ एमबीत सहज बसतात. पूर्वी शेवटची नोंद वाचून होईपर्यंत पहिली बाहेर पडत नव्हती. आता पहिल्या खात्याचा उतारा लगेच छपाईला जातो.

त्याच अहवालातली एक उपक्वेरी मात्र बराच काळ हाती लागली नाही. ती दोन ठिकाणी वापरली होती, म्हणून इंजिन तिचा निकाल 'टपलस्टोअर'मध्ये जसाच्या तसा साठवून ठेवत होतं. इथे क्रमवारी नाही, नुसती साठवण. पण मेमरी भरली की तीही डिस्कवरच जाते, आणि 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ'ने दाखवलेल्या प्लॅनमध्ये त्याचा आकडा येत नसे. 'लॉग_टेम्प_फाइल्स' हे सेटिंग चालू केल्यावर लॉगमध्ये माग लागला. १८व्या आवृत्तीपासून ही साठवण मेमरीत झाली की डिस्कवर, हे प्लॅनच सांगतो. ती उपक्वेरी मी आता आधी शाखावार बेरजेवर आणतो. साठवायला प्रत्येक शाखेची एकच नोंद उरते.