सोळा घरं, पंधराचा आकडा

श्रीखंडे ग्राफचं एल(२,१) लेबलिंग हा तसा एका बैठकीचा मामला. बिंदूंना ० पासून क्रमांक द्यायचे: शेजाऱ्यांत किमान २ चा फरक, दोन पावलांवरच्यांना वेगळे क्रमांक, आणि सर्वांत मोठा क्रमांक शक्य तितका लहान. तो क्रमांक म्हणजे उत्तर. १६ शिरोबिंदू, प्रत्येकाला ६ शेजारी, आणि कुठलेही दोन बिंदू दोन पावलांच्या आत. त्यामुळे एकच क्रमांक दोघांना देता येत नाही. ० ते १५ सगळे लागतात. शेजाऱ्यांत किमान २ चा फरक हवा, म्हणून लागोपाठचे क्रमांक बिगरशेजाऱ्यांना. पूरक ग्राफमध्ये प्रत्येकाचे ९ शेजारी, निम्म्याहून जास्त. डिराकचं प्रमेय लावलं की हॅमिल्टन पथ मिळतो. उत्तर १५.

आता ४×४ पटावरचा हत्तीचा ग्राफ घ्या. तेच १६, तेच ६, उत्तर पुन्हा १५. पण श्रीखंडेत कुठल्याही बिंदूचे सहा शेजारी षटकोन धरून उभे असतात, हत्तीकडे त्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात. सालेकशाहून गोंदियाला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने दोन्ही चौकटी शेजारी-शेजारी काढल्या आणि विचारलं, "सर, आकड्याला हा फरक दिसतच नाही का?"

त्या दिवसापासून नुसता आकडा काढायचं माझं जुनं काम बंद आहे. झाडांत, म्हणजे फेरा नसलेल्या जोडलेल्या ग्राफांत, मात्र आकडा बोलतो. सर्वाधिक शेजारी डेल्टा असले, तर उत्तर डेल्टा+१ किंवा डेल्टा+२. असे तीन भरगच्च बिंदू ओळीने आले की डेल्टा+१ मध्ये भागत नाही. प्रत्येकाला टोकाचाच क्रमांक लागतो आणि टोकं दोनच. हे देखणं गणित आहे. चाक, पंखा, सूर्यफूल असे ग्राफ घेऊन बढतीपुरते जे निबंध निघतात, त्यांत नुसती यादी असते. मला त्यांचा राग येतो.

हाव मात्र मलाही आहे. ग्रिग्ज आणि ये यांची १९९२ ची डेल्टा-वर्गाची अटकळ (डेल्टा किमान २ असेल, तर उत्तर त्याच्या वर्गापलीकडे जात नाही) सगळ्या ग्राफांसाठी अजून सिद्ध व्हायची आहे. तिच्या आसपास कुठेतरी आपलं नाव लागावं, असं आजही वाटतं. पहिला ग्राफ ज्यांच्या नावाचा, ते शरदचंद्र श्रीखंडे नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले. आपल्या मुलखातलं ते नाव फळ्यावर लिहिताना माझी छाती फुगते.

सध्या मी १५ पर्यंत नेणारी लेबलिंगं मोजतो आहे, दोन्ही ग्राफांत. श्रीखंडेच्या सममिती १९२, हत्तीच्या ११५२. त्यांच्या आधाराने मोजणी थोडी आटोक्यात येते. ती मुलगी म्हणते, संगणकाला विचारू. मी अजून विचारू दिलेलं नाही.