क्षमा घेणें

क्षमा करणें कठीण, ही गोष्ट सर्वांस मान्य आहे. तिच्यावर कीर्तनें झालीं, प्रवचनें झालीं, आणि शाळेंतल्या मुलांनीं निबंधहि पुष्कळ लिहिले. क्षमा घेणें कठीण असतें, असें मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. आम्ही जन्मानें ख्रिस्ती नाहीं. परंतु या दुसऱ्या अडचणीचा ख्रिस्ती धर्मग्रंथांत जितका खोल विचार आढळतो तितका इतरत्र आमच्या तरी वाचनांत आला नाहीं.

येशूनें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत क्षमेची याचना आहे. लूकच्या शुभवर्तमानांत तेथें पापांचा उल्लेख येतो. मत्तयानें योजिलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र देणें, कर्ज असा आहे, आणि मराठी बायबलांतहि तेथें ‘ऋण’ हाच शब्द आहे. हा शब्द आपल्या वाचकांस परका वाटूं नये. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण माथ्यावर घेऊनच माणूस जन्मास येतो, असें आपल्याकडे सांगितलें आहे. पण हीं ऋणें फेडावयाचीं असतात. तीं कोणी सोडीत नाहीं. त्या प्रार्थनेंत भाषा आहे ती ऋण सोडण्याची, आणि मागणाऱ्यानेंहि आपल्या ऋणकोस सोडिलें पाहिजे, अशी जोड तिला दिलेली आहे.

मत्तयाच्याच अठराव्या अध्यायांत एका नोकराचा दाखला आहे. तो राजाचे दहा हजार टॅलंट देणें लागत होता. एक टॅलंट म्हणजे सुमारें ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हां हें कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतकें झालें! राजास दया आली व त्यानें तें सर्व सोडलें. नोकर बाहेर पडला तों त्यास अवघे १०० दिनार देणें असलेला एक सोबती भेटला. त्याचा यानें गळा धरला आणि त्यास तुरुंगांत टाकविलें.

या नोकरास सगळे कृतघ्न म्हणून झोडपतात. आमचें लक्ष त्याच्या मूळच्या विनंतीकडे जातें. त्यानें माफी मागितलीच नव्हती. मागितली होती मुदत. थोडें थांबा, सर्व फेडतों, एवढेंच त्याचें म्हणणें. सहा कोटी दिवसांची मजुरी फेडूं पाहणारा हा गृहस्थ हिशेबांत कच्चा होता कीं अभिमानांत पक्का, हें ज्याचें त्यानें ठरवावें. राजाचा शब्द त्याच्या कानांवर पडला, मनांत उतरला नाहीं, असें आम्हांस वाटतें. मनानें तो देणेकरीच राहिला. आणि देणेकरी माणूस बाहेर पडून प्रथम आपलीं येणीं वसूल करूं लागणार, हें उघड आहे.

आमच्या लहानपणीं वडिलांनीं एका शेजाऱ्याचें कर्ज सोडून दिलें व त्याच्यादेखत रोखा फाडला. त्याच्या घरीं दीर्घ आजारपण होतें. वडिलांनीं तो विषय पुन्हां काढला नाहीं. आईस तर रक्कमहि ठाऊक नव्हती. परंतु कर्ज असतांना जो गृहस्थ दर चतुर्थीस आमच्याकडे प्रसादास येई, तो रोखा फाटल्यावर आमची गल्ली टाळून लांबच्या वाटेनें बाजारास जाऊं लागला. ‘व्याज तरी घ्यावयास हवें होतें,’ असें वडील एकदां आईस म्हणाले. तें तेव्हां आम्हांस विनोदाचें वाटलें होतें.

जें आमच्या शेजाऱ्यास जमलें नाहीं तें कितीतरी अवघड स्थितींत एका खुन्यास जमलें. मध्य प्रदेशांत उदयनगर येथें सिस्टर राणी मारिया या केरळीय धर्मभगिनी काम करीत. गरीब आदिवासी शेतकऱ्यांस सावकाराच्या वहींतून सोडवून बँकेच्या दारीं नेणें हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. त्यामुळें कांहीं वजनदार मंडळींचा रोष त्यांच्यावर झाला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्यें, चिथावणी मिळालेल्या एका तरुणानें त्यांच्यावर सुऱ्याचे पन्नासांहून अधिक वार केले. त्यास जन्मठेप झाली. २००२ मध्यें राणी मारियांच्या धाकट्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगांत गेल्या आणि त्यांनीं त्याच्या हातास राखी बांधली.

त्यांच्या औदार्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. आम्हांस मात्र मनगट पुढें करणारा तो कैदी दिसत राहतो. राखी बळेंच बांधतां येत नाहीं. शिक्षेचीं वर्षें मोजतां येतात, तीं संपलीं कीं फिटलें म्हणतां येतें. राखीस तशी सोय नाहीं. ती बांधून घ्यावयाची, तर केलेलें कृत्यहि पदरीं घ्यावें लागतें आणि बहीणहि.

राणी मारियांच्या कुटुंबानेंच त्याच्या सुटकेस पाठिंबा दिला व २००६ मध्यें तो सुटला. पुढें तो केरळांत त्यांच्या आईवडिलांच्या घरीं गेला. इंदूरहून तें घर फार लांब. मध्यें वळून जाण्यास वाटाहि पुष्कळ होत्या. आईनें त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि त्यांचें चुंबन घेतलें. त्यानें ते मागें ओढले नाहींत.