खोक्यावर काय लिहायचे?

वाचकहो, जावयाला उपदेश करू नये, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. लेकीच्या घरी चार दिवस जावे, गोडधोड खावे, नातवंडाला खांद्यावर घ्यावे आणि तोंड मिटून परत यावे. २०२५ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता थोरल्या लेकीकडे कॅनडात गेलो, तेव्हा मीही हेच मनाशी ठरवले होते. ते ठरवणे मोडले, त्याची ही हकिकत. ती एका खेळाच्या सामानाची असली, तरी बांधापलीकडे माल पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे, म्हणून सांगतो.

लेक राहते ते विंडसर गाव नदीकाठी आहे. नदीच्या पलीकडे अमेरिकेचे डेट्रॉइट शहर. नकाशात कॅनडा वर आणि अमेरिका खाली असते. पण विंडसरच्या काठावर उभे राहिले की अमेरिका उत्तरेला दिसते! मध्ये १९२९ साली बांधलेला मोठा झुलता पूल आहे. त्याच्यावरून रात्रंदिवस मालमोटारी चालतात. मोटारींचे सुटे भाग जातात, तसेच जवळच्या लेमिंग्टन भागातल्या काचगृहांतले टोमॅटो आणि काकड्याही जातात. माल रोज पलीकडे जातो, पण आमच्या जावईबापूंना जाता येत नाही. त्यांच्याकडे भारताचा पासपोर्ट. अमेरिकेचा व्हिसा हाती असल्याशिवाय तो पूल ओलांडता येत नाही.

जावईबापूंना एक नाद होता. सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर पेंटबॉल खेळायचे. हा खेळ म्हणजे मोठ्यांची रंगपंचमीच म्हणा. फरक एवढा, की पिचकारीऐवजी हवेच्या दाबावर चालणारी बंदुकीसारखी वस्तू असते. तिला तिकडे मार्कर म्हणतात. तिच्यातून बोराएवढी रंगाची गोळी सुटते आणि अंगावर आपटून फुटते. ज्याच्या अंगावर रंग पडला तो बाद. डोळे जाऊ नयेत म्हणून तोंडावर मुखवटा बांधावाच लागतो.

मला मात्र खेळापेक्षा त्या वस्तूच्या जन्माची कथा आवडली, कारण ती आपल्याच धंद्यातली निघाली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नेल्सन नावाची रंग बनवणारी कंपनी आहे. जंगलात कोणती झाडे तोडायची त्यांच्यावर खूण करण्यासाठी ती रंग विकत असे. ओढ्यापलीकडच्या किंवा झुडपात अडकलेल्या झाडापर्यंत रोज कोण जाणार? म्हणून लांबूनच रंगाची गोळी मारण्याचे साधन निघाले. मग पशुपालकही त्याने गुरांवर खूण करू लागले. आपले धनगर बांधव मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, तोच प्रकार. पुढे २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावी काही दोस्तांनी हीच साधने हातात घेऊन रानात एकमेकांवर रंग उडवला, आणि खेळ सुरू झाला.

तर, जावईबापूंचा गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. त्यांचा एक मित्र अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याने सगळे सामान साडेचारशे डॉलरला मागितले. एक मार्कर, गोळ्यांचा डबा, मुखवटा, दोन सिलिंडर आणि पाचशे गोळ्यांची पिशवी. रात्री जेवणे झाल्यावर जावईबापू कुरिअरचा फॉर्म भरायला बसले. मी शेजारी नातवाला घेऊन बसलो होतो. फॉर्मात विचारले होते, वस्तू कोणती, किंमत किती, भेट आहे की विक्री? त्यांनी लिहिले, ‘खेळणी. भेट. वीस डॉलर.’

मी नुसते पाहिले. त्यांच्या ते लक्षात आले असावे. हसून म्हणाले, “बाबा, इथे सगळे असेच लिहितात. कोण बघतंय?”

मी काही बोललो नाही. पण वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘कोण बघतंय’ हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. ऐकले कसले, माझ्याच तोंडचे होते ते.

गोष्ट २०१० सालची. मी तेव्हा नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या पट्ट्यात कामाला होतो. युरोपला द्राक्ष पाठवायचे तर बागेची नोंदणी, तपासणी, औषधांच्या फवारणीची रोजनिशी आणि प्रयोगशाळेचा दाखला हे सारे लागत असे. ग्रेपनेट ही संगणकावरची व्यवस्था २००६ पासून सुरू झाली होती. एका बागायतदाराच्या ओट्यावर मी रोजनिशी तपासायला बसलो. त्यांना सारे आप्पा म्हणत. कष्टाळू माणूस, पण लिहिण्याचा कंटाळा. रोजनिशी अर्धी कोरी. मग ते आठवून सांगत गेले आणि त्यांचा मुलगा लिहीत गेला. कित्येक महिन्यांच्या नोंदी एका संध्याकाळी झाल्या. मध्येच आप्पांनी विचारले, “साहेब, खरड छाटणीनंतर सीसीसी मारलं होतं, ते लिहू का?”

सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड. वेलीची फाजील वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते सर्रास मारीत. मी म्हणालो, “ते काही कीडनाशक नाही. राहू द्या. कोण बघतंय?”

त्याच हंगामात युरोपात नेमके तेच पाहिले गेले. भारतातून गेलेल्या द्राक्षांत सीसीसीचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर अडकले. कितीतरी बागायतदार आणि निर्यातदार त्यात पोळले. आप्पांचा मालही त्यात होता. आपल्याकडच्या प्रयोगशाळाही तोवर ते औषध तपासत नव्हत्या, तेव्हा दोष एकट्या कोणाचा नव्हता, हे खरे. तरी मला वाटत राहिले, की रोजनिशीत ती एक ओळ असती, तर माल भरण्यापूर्वी कोणीतरी बोट ठेवून विचारले असते. कदाचित माल इथल्याच बाजारात कमी भावाने गेला असता, पण पैसा हाती आला असता. आप्पांचे सोसायटीचे कर्ज थकले. दोन वर्षांनी रस्त्याकडेचा अर्धा एकर त्यांनी विकला. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

सकाळी चहाच्या वेळी मी ही हकिकत जावईबापूंना सांगितली. उपदेश केला नाही. झाले ते सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, “मग बाबा, काय लिहायचं?”

आम्ही दोघे बसलो आणि एकेक गोष्ट शोधून काढली. ती थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मालाला जगभर एकच सहा आकडी क्रमांक असतो. ताज्या द्राक्षांचा ०८०६.१०, तसा हवेच्या किंवा वायूच्या दाबावर चालणाऱ्या अशा बंदुकांचा ९३०४.००. ‘खेळणी’ लिहिले आणि क्ष-किरणाच्या यंत्रात बंदुकीचा आकार दिसला, तर तपासनिसाने काय समजावे? अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पेंटबॉलचा मार्कर ही खरी बंदूक नव्हे, कारण त्यात दारू नसते. मग लपवायचे कशाला? ‘वापरलेला पेंटबॉल मार्कर, हवेच्या दाबावर चालणारा’ असे सरळ लिहिले. नळी काढून वेगळी बांधली. उलट दिशेने, म्हणजे अमेरिकेतून कॅनडात आणताना, आणखी जपावे लागते. हुबेहूब खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या नकली वस्तूंना कॅनडाच्या कायद्यात बंदी आहे, त्यामुळे तिथे रूपही पाहिले जाते.

दुसरी गोष्ट किमतीची. पूर्वी आठशे डॉलरपर्यंतचा माल अमेरिकेत जकातीशिवाय जाई. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत बंद झाली. खऱ्या भेटीला शंभर डॉलरपर्यंत सूट असते. पण पैसे घेऊन दिलेली वस्तू भेट कशी? खरी किंमत लिहिली आणि माल कोणत्या देशात बनला तेही लिहिले. शिवाय वीस डॉलर लिहून खोके वाटेत हरवले असते, तर भरपाईसाठी आम्ही कोणत्या तोंडाने साडेचारशे मागितले असते?

तिसरी गोष्ट वायूची, आणि इथेच आमचे डोळे उघडले. भरलेला सिलिंडर हा धोकादायक माल धरतात. कार्बन डायऑक्साइडला क्रमांक १०१३, दाबाच्या हवेला १००२, आणि तो पाठवण्याचे नियम निराळे. म्हणून सिलिंडर पूर्ण रिकामा करून, व्हॉल्व्ह काढून पाठवायचा, म्हणजे आत काही नाही हे तपासनिसाला डोळ्यांनी दिसते. हे काम घरी पान्याने करू नये, दुकानातच करून घ्यावे. त्यासाठी सिलिंडर हातात घेऊन त्यावरचे शिक्के वाचू लागलो. अमेरिकेचा शिक्का वेगळा, कॅनडाचा वेगळा, आणि बाजूला बनवल्याची तारीख. तंतूंचे वेष्टण असलेल्या त्या सिलिंडरची दर पाच वर्षांनी दाबचाचणी करायची असते आणि त्याचे आयुष्य पंधरा वर्षांचे. तारीख होती २००९ ची!

वाचकहो, त्या सिलिंडरात प्रत्येक चौरस इंचाला साडेचार हजार पौंड दाबाची हवा भरतात. आपल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात पंचवीस-तीस पौंड असते, आणि तो टायर फुटला तरी माणूस जायबंदी होतो. जावईबापूंनी तो सिलिंडर स्वतः कोणाकडून जुना घेतला होता आणि तारीख कधी पाहिलीच नव्हती. ‘खेळणी’ म्हणून तो मित्राकडे गेला असता. मित्राने विश्वासाने कमरेला बांधला असता. जावईबापू बराच वेळ त्या आकड्यावर अंगठा फिरवीत राहिले. मग त्यांनी मित्राला फोन लावला, खरे ते सांगितले आणि सिलिंडरचे पैसे कमी केले. तो सिलिंडर दुकानदाराने निकामी करून टाकला.

चौथी गोष्ट गोळ्यांची. त्यांचे कवच जिलेटिनचे असते, आपल्या औषधाच्या कॅप्सूलसारखे, आणि आत रंगाचे पातळ मिश्रण. दमट हवेत त्या फुगतात आणि थंडीत ठिसूळ होतात. तिकडे ताज्या मिळतात, तेव्हा जुन्या कशाला धाडायच्या? त्या ठेवून घेतल्या.

खोके गेले. सीमेवर दोन दिवस अडकले. मित्राला फोन आला, कागदांची विचारणा झाली. कागद खरे आणि पुरे होते, त्यामुळे जकात भरून माल सुटला. जकातीचे पैसे पाहून जावईबापू थोडे कुरकुरले, पण मित्राशी निम्मेनिम्मे करून मोकळे झाले. लेक मला हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही बोललात ते बरं झालं.”

शेतकरी बंधुभगिनींनो, आज खेड्यातल्या पुष्कळ घरांतली मुले परदेशी आहेत. आपण त्यांना लोणचे, मसाले, पापड पाठवतो. ती येताना काहीबाही आणतात. कोणी खिशात नव्या वाणाचे बियाणे आणतो, कोणी रोपाची काडी आणतो. असे कधीही करू नका. बी, रोप, कलम कोणत्याही सीमेपलीकडे न्यायचे, तर वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. आपल्याकडे आणण्यासाठी २००३ चा वनस्पती क्वारंटाइन आदेश आहे. गाजरगवत आपल्या बांधांवर आज जे माजले आहे, ते परदेशी धान्यातूनच आले असे मानतात. पुण्याकडे त्याची नोंद झाली ती १९५५ च्या सुमारास. आजही आपण खुरपतो आहोत. आणि ज्यांचा माल बाहेर जातो त्यांनी फवारणीची नोंद त्याच दिवशी, त्याच हाताने करावी. कोणी विचारो न विचारो, मारले ते लिहावे. माल सीमेवर पोचतो तेव्हा आपण तिथे नसतो. आपल्या वतीने बोलतो तो कागद.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आप्पांकडे गेलो. आता ते थकले आहेत, बाग मुलगा पाहतो. ओट्यावर बसून त्यांना सगळी गंमत सांगितली. नळी, रंगाच्या गोळ्या, मुखवटा. ते लहान मुलासारखे ऐकत होते. “लागतात का हो त्या गोळ्या फार?” असे त्यांनी विचारले. मग मी पंधरा वर्षे न बोललेले बोललो. म्हणालो, “आप्पा, ते सीसीसी लिहू नका, असं मीच सांगितलं होतं तुम्हाला.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. “ध्यानात आहे साहेब,” ते म्हणाले. मग घरात तोंड करून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितले. चहा येईपर्यंत मुलाने कोनाड्यातली वही आणून माझ्यापुढे ठेवली. आदल्या दिवशीच्या फवारणीची नोंद तीत होती. शाई निळी, अक्षर स्वच्छ.